'टेक केअर' म्हणजे नक्की काय? आणि मराठीत निरोप घेताना तुम्ही काय म्हणता?

निरंजनी

परवा मावशीचा फोन आला. तिचा मुलगा गेली सहा वर्षं डॅलसला असतो. रोज रात्री न चुकता दोन ओळी पाठवतो आणि शेवटी इंग्रजीत 'टेक केअर' लिहितो. मावशी मला हळू आवाजात विचारत होती, "माझ्या तब्येतीचं त्याला कोणी काही सांगितलंय का गं? रोज काळजी घे, काळजी घे म्हणतोय."

मी तिची समजूत घातली, पण फोन ठेवल्यावर तेच डोक्यात राहिलं. कारण सध्या माझ्या टेबलावरही हेच दोन शब्द आहेत. मी भाषांतराचं काम करते. एका दवाखान्याच्या ॲपचं मराठी तपासायला आलंय. मूळ इंग्रजीत 'टेक केअर' अकरा ठिकाणी आहे आणि मराठीत अकराही ठिकाणी 'काळजी घेणे' बसवलंय. पेशंटला निरोप देताना 'काळजी घ्या', इथवर ठीक. पण पुढे 'आमची टीम तुमच्या तक्रारीची काळजी घेईल' आहे. विम्यातून पैसे भरले गेले की 'तुमच्या बिलाची काळजी घेतली गेली आहे' असं येतं. बिलाला काय ताप आलाय? जिना उतरण्याच्या सूचनेतही 'काळजी घ्या' आणि गुडघ्याच्या व्यायामातही 'गुडघ्यांची काळजी घ्या'.

माझे दोन प्रश्न आहेत. या एका इंग्रजी वाक्प्रचाराचे तुम्हाला माहीत असलेले अर्थ कोणते? आणि घरातून निघणाऱ्या माणसाला तुमच्याकडे काय म्हणतात? नुसते शब्द नकोत, कोण कोणाला म्हणतं तेही सांगा. माझं काम खरंच अडलंय.

धुळेकर_अण्णा

बिलाचं सोपं आहे. 'बिल भरलं आहे.' तक्रारीचं, 'तुमच्या तक्रारीकडे आम्ही बघतो.' इंग्रजीत जिथे क्रियापद लपवलंय तिथे आपण खरं काम सांगावं.

निरोपाला आमच्याकडे 'सांभाळून जा' आणि 'पोचला की फोन कर'. या दोन्हींशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही.

आंबोळी

मावशींचं बरोबरच आहे. मराठीत कारण असल्याशिवाय कोणी कोणाला 'काळजी घे' म्हणत नव्हतं. बाळंतीण, आजारी माणूस, परीक्षेला परगावी निघालेलं पोर, घाटातून रात्री गाडी नेणारा, अशांना म्हणायचं. भाजी घेऊन घरी निघालेल्या शेजारणीला 'काळजी घ्या' म्हटलं तर ती दोन मिनिटं थांबून विचारेल, काय झालं म्हणून.

२०२० पासून मात्र सगळं बदललं. तेव्हा प्रत्येक फोन, प्रत्येक निरोप 'काळजी घ्या'नेच संपायचा आणि त्याला खरोखरच कारण होतं. साथ ओसरली, शब्द मागे राहिला. मला तो शब्द अजून ऐकवत नाही. त्या वर्षी ज्यांना शेवटचं 'काळजी घ्या' म्हटलं त्यातले दोघे परत भेटले नाहीत.

निरंजनी

आंबोळी, हे लक्षातच आलं नव्हतं. दवाखान्याच्या ॲपमध्ये तर याचा विचार करायलाच हवा.

टपालवही

आमच्या पिढीला पत्राचा शेवट पाठ असायचा. 'प्रकृतीस जपावे. कळावे, लोभ असावा ही विनंती.' जपणे हा शब्द आता निरोपातून गेलाच म्हणायचा. वाईट वाटतं. 'काळजी घे' म्हटलं की धोका डोळ्यांसमोर येतो आणि 'जप' म्हटलं की ज्याला जपायचं ती मोलाची वस्तू डोळ्यांसमोर येते. तळहातावरच्या फोडाला जपतात, ठेवणीतल्या पैठणीला जपतात. 'जिवाला जप गं' असं आई सासरी निघालेल्या मुलीला म्हणायची, तेव्हा तुझा जीव मोलाचा आहे हे तिने सांगितलेलं असायचं.

आणि पोचल्याचं पत्र! पंधरा पैशांच्या कार्डावर दोनच ओळी, 'सुखरूप पोचलो. काळजी नसावी.' मी १९७९ साली नोकरीला नागपूरला गेलो तेव्हा वडिलांनी पत्ता लिहिलेलं कोरं कार्ड खिशात घालून दिलं होतं, मला फक्त ओळ लिहून पेटीत टाकायची होती. ते तोंडाने काहीच म्हणाले नाहीत. नुसतं खिशावर हात ठेवून कार्ड आहे ना ते बघितलं.

गोधडी

टपालवही काका, शेवटचं वाक्य वाचून थांबले.

रुळावरून

थोडं हलकं. आमचे आजोबा रेल्वेत तिकीट तपासनीस होते. मोबाईल नवीन आले तेव्हा एका निरोपात १६० अक्षरंच मावायची, म्हणून माझी बहीण सगळं आखडून लिहायची, 'टेक केअर'चंही 'टीसी' करायची. होस्टेलवरून तिने आजोबांना पहिला निरोप पाठवला, 'पोचले. टीसी.' आजोबा तासभर येरझाऱ्या घालत होते. पोरीला टीसीने पकडलं, तिकीट नव्हतं का, दंड किती झाला? शेवटी त्यांनी ओळखीच्या स्टेशनमास्तरांना फोन लावला!

पुढे तिला कळल्यावर ती त्यांना मुद्दाम 'टीसी' लिहायची आणि तेही उत्तरात 'टीसी' लिहायचे. त्यांच्याबाबत ते दोन्ही अर्थांनी खरं होतं.

कॉलेजकट्टा

आमच्या पिढीचा अर्थ राहिला. ब्रेकअपचा शेवटचा मेसेज 'टेक केअर'ने संपतो. आधी 'गुड नाइट, नीट झोप, जेवलास का' असतं. ज्या दिवशी नुसतं 'टेक केअर' येतं आणि पुढे पूर्णविराम असतो, त्या दिवशी समजायचं.

गोधडी

खरंय. मराठीत अर्थ फोडून सांगायचा तर 'इथून पुढे तुझी काळजी तूच घे'.

बागेतली_वाट

मला हाच मुद्दा मांडायचा होता, पण जरा वेगळ्या बाजूने. 'टेक केअर'मध्ये सगळं काम ऐकणाऱ्यावर टाकलंय. बोलणारा मोकळा. आपले निरोप बघा. 'पोचलास की फोन कर' यात बोलणाऱ्यानेही काम घेतलंय, तो फोन येईपर्यंत जागा राहणार आहे. 'येतो' म्हणणाऱ्याने परत यायचं कबूल केलंय. म्हणून तर 'जातो' म्हटलं की घरातली म्हातारी माणसं अजून टोकतात. 'डबा उघडून ठेव नाहीतर वास येईल' यातही काळजीच आहे. त्यामुळे मला 'टेक केअर' थंड वाटतं. जिव्हाळा दाखवल्यासारखा, पण अंगाला लावून न घेतलेला.

लीड्सकर

बागेतली वाट, मी पूर्ण असहमत आहे. मी इंग्लंडमध्ये चौदा वर्षं नर्स आहे. हे दोन शब्द मी दिवसातून पन्नास वेळा ऐकते आणि पंचवीस वेळा म्हणते. सगळी मदार चालीवर आहे.

बसमधून उतरताना ड्रायव्हर म्हणतो ते 'टेक केअर' म्हणजे आपलं 'बरंय मग'. शिडीवर चढणाऱ्याला म्हटलं तर 'जपून'. वरिष्ठांनी कागद पुढे सरकवत 'विल यू टेक केअर ऑफ धिस?' विचारलं तर ते काम आता माझं. आणि एक चौथं आहे. आमच्या वॉर्डात एक आजोबा सात आठवडे होते. घरी कोणी नव्हतं. निघताना व्हीलचेअरवर त्यांनी माझी दोन बोटं धरली आणि म्हणाले, 'यू टेक केअर, लव्ह.' आधी तो 'यू' लागला ना, की वाक्य बदलतं. 'तू इतरांचं करतेस, तुझ्याकडेही बघ' एवढं सगळं त्यात होतं. दुपारी औषधांच्या खोलीत जाऊन मी रडले.

भाषा थंड नसते. म्हणणाऱ्याचा हात कुठे आहे ते बघावं लागतं.

बागेतली_वाट

लीड्सकर, मान्य. 'थंड' हा शब्द मागे घेते. मी लिहिलेलं वाचायला ठीक आहे, पण तुम्ही ऐकलेलं आहे.

तांबडा_रस्सा

इंग्रजी सिनेमातल्या गुंडाचा अर्थ कसा कोणी सांगितला नाही? 'आय विल टेक केअर ऑफ हिम' म्हणजे त्याला संपवतो. कोल्हापुरात त्याला नेमका शब्द आहे, 'बघून घेतो'. 'तुमचं काम हाय व्हय, मी बघतो' हे वचन झालं. 'तुला बघून घेतो' ही धमकी झाली. फरक एवढासाच.

धुळेकर_अण्णा

तांबडा रस्सा, हा एकच नाही. मराठीत काळजीचे आणि मारण्याचे शब्द शेजारी शेजारीच राहतात. आजारी माणसाचा 'समाचार घ्यायला' जातात आणि चोर सापडला की लोक त्याचा 'चांगला समाचार घेतात'. खबर घेण्याचं तेच. पोलीस पाहुणचार करतात, खातिरदारीही करतात. उंदरांचा बंदोबस्त करतात आणि मोर्चालाही बंदोबस्त असतो. व्यवस्था लावतात ती पाहुण्यांची आणि शत्रूचीही.

शाळामास्तर

अण्णांच्या यादीने एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे काळजी पुष्कळदा डोळ्यांनी घेतात. 'आईवडिलांना कोण बघतं?' 'मुलगी बघते त्यांचं.' एवढ्या एका 'बघते'मध्ये औषधपाणी, डॉक्टर, पथ्य, रात्रीचं उठणं सगळं आलं. 'निगा राखणे'मधला निगा फारसीतल्या निगाहवरून आला, म्हणजे नजरच. 'लक्ष ठेव', 'नजर असू दे'. इंग्रजी आयसीयूचं मराठी 'अतिदक्षता विभाग' केलं त्यातही दक्षता आहे, टक्क जागं राहणं. मला ते भाषांतर फार आवडतं. तिथे पेशंटच्या उशाशी जागं राहण्याचंच काम असतं.

ॲपमध्ये 'आम्ही बघतो' चालेल असं माझंही मत. मात्र 'बघून घेऊ' होऊ देऊ नका!

निरंजनी

मास्तर, 'अतिदक्षता'कडे मी कधी असं पाहिलंच नव्हतं. पाटी रोज वाचतो आपण.

ऱ्हाइनकाठ

इथे जर्मनीत राहून मला इंग्रजी 'केअर'चा मूळ अर्थ कळला, तो सांगतो. जुन्या इंग्रजीत 'कारु' म्हणजे दुःख, शोक. माया किंवा देखभाल हे अर्थ मागून आले. जर्मनमध्ये तोच शब्द अजून एका जागी टिकून आहे. गुड फ्रायडेला जर्मन लोक 'कारफ्रायटाग' म्हणतात, म्हणजे शोकाचा शुक्रवार. त्यातला 'कार' आणि इंग्रजी 'केअर' एकाच मुळाचे. 'क्युअर', 'क्युरेटर' यांचा मात्र याच्याशी संबंध नाही, ते लॅटिन 'कुरा'वरून आले. ऐकायला जवळचे वाटतात म्हणून अनेकांची गल्लत होते.

लॅटिन 'कुरा'चा अर्थही काळजीच. 'से' म्हणजे विना. 'से-कुरा'वरून 'सिक्युअर' झाला. म्हणजे मुळात सिक्युरिटीचा अर्थ निश्चिंतपणा.

आणि जर्मनमध्ये आपल्यासारखीच फोड आहे. 'झिश झोर्गन माखन' म्हणजे काळजी करणे आणि 'झोर्गन फ्यूर' म्हणजे काळजी घेणे. नाम एकच, 'झोर्ग'. निरोपाला 'माख्स गूट' म्हणतात, शब्दशः 'नीट कर'.

शाळामास्तर

वा. मग आपला 'निश्चिंत' हा 'सिक्युअर'चा नेमका जुळा भाऊ झाला, निर् अधिक चिंता. आणि गंमत बघा, 'निश्चिंत' झाला गुण आणि 'निष्काळजी' झाला दोष. दोघांतही काळजी नाहीच! एकाची कोणीतरी दुसरा वाहतोय आणि दुसऱ्याने ती टाकून दिलीय. इंग्रजीतही 'केअरफ्री' आणि 'केअरलेस' असेच दोन आहेत.

वकीलवाडा

निष्काळजी आलाच आहे तर कायद्यातला अर्थ सांगतो. 'ड्यूटी ऑफ केअर', म्हणजे काळजी घेण्याचं कर्तव्य. ही कल्पना आजच्या रूपात ज्या खटल्यातून रुजली त्यात एक गोगलगाय आहे.

१९२८ सालच्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात मे डोनोह्यू नावाची बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली. मैत्रिणीने तिला जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नव्हतं. थोडी पिऊन झाल्यावर मैत्रिणीने उरलेली पेल्यात ओतली, तर त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, अशी तिची तक्रार. ती आजारी पडली. पण बाटलीचे पैसे मैत्रिणीने दिलेले, त्यामुळे डोनोह्यूबाईंचा कोणाशीच करार नव्हता. मग दाद कोणाकडे मागायची? तिने थेट बाटली भरणाऱ्या स्टीव्हन्सनवर दावा लावला. १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. लॉर्ड ॲटकिन यांनी प्रश्न असा मांडला की कायद्यात माझा शेजारी कोण? आणि उत्तर दिलं की माझ्या वागण्याने ज्याला इजा होईल हे मला आधी दिसायला हवं, तो माझा शेजारी.

आपल्या न्यायालयांतही निष्काळजीपणाच्या दाव्यात या खटल्याचा आधार घेतला जातो. इथे 'टेक केअर' ही सदिच्छा नाही, ते बंधन आहे. आणि ते बाटली भरणाऱ्यावर आहे, पिणाऱ्यावर नाही. म्हणून निरंजनी, ॲपमध्ये जिथे दवाखान्याने काय करायचं ते लिहिलंय तिथे 'काळजी घेऊ' असं मोघम ठेवू नका. काय करणार ते लिहा. पेशंटला त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे.

तांबडा_रस्सा

वकीलसाहेब, गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण आज नव्याने कळली.

पणजी_फेरी

गोंयांत आमी 'जतनाय घे' म्हणतात. जतन करण्यातलं जतन. पण रोजच्या निरोपात ते कमीच, 'येतां हांव' किंवा 'मेळूया'च जास्त. 'जतनाय घे' म्हटलं की पावसात फेरीतून किंवा स्कूटरवरून निघालेला असतो.

बेळगावी_कुंदा

आमच्याकडे कन्नड आणि मराठी एकाच ओसरीवर. कानडीत जपून जा म्हणायला 'हुषारागी होग्री'. हुषार म्हणजे सावध. आणि बरं नसेल तर 'हुषारिल्ल'. मी लहानपणी शेजारच्या काकूंना विचारलं होतं, तुमचा राजू हुषार नाही असं तुम्हीच कशा सांगता? त्याला ताप होता.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या इकडे 'बराबर जाजो बाप्पा, अन् पोचला का फोन करजो'. या 'जाजो'त आज्ञा कमी, विनवणी जास्त.

हडसनपार

निरंजनी, याच कुटुंबातला दुसरा वाक्प्रचार मला पहिली दोन वर्षं छळत होता. इंग्लंडात 'आय कुडन्ट केअर लेस' म्हणजे मला काडीची पर्वा नाही, याहून कमी पर्वा असूच शकत नाही. हिशेब सरळ. अमेरिकेत मात्र लोक सर्रास 'आय कुड केअर लेस' म्हणतात, म्हणजे शब्दांप्रमाणे थोडी तरी पर्वा आहे, पण अर्थ तोच, नाही! १९५० च्या दशकापासून हे रूप छापलेलं सापडतं आणि तेव्हापासून त्यावर भांडणं आहेत. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी १९९४ मध्ये त्याची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं, दोन्हींचा हेल वेगळा आहे, 'कुड केअर लेस' उपरोधाने म्हटलं जातं. इतरांना ते पटलं नाही. माझ्या ऑफिसात तरी तो हेल मला ऐकू येत नाही, लोक सपाट सुरात म्हणतात.

आंबोळी

मराठीत त्याला 'मला काय त्याचं', 'गेलं उडत' आणि मुंबईत 'फिकर नॉट'. पण फिकर नॉट खरं तर 'काळजी करू नको' आहे, धीर देणारं.

हडसनपार

बरोबर. ते इकडच्या 'नो वरीज'च्या जवळचं.

दुपारची_पाळी

बरेच दिवस फक्त वाचत होते. आज लिहिते.

माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि ते तीन वर्षं अंथरुणावर होते. मी नोकरी करत होते, भाऊ लांब. एका ब्यूरोतून बाई मिळाल्या. ब्यूरोच्या कागदावर त्यांच्या नावापुढे 'केअरटेकर' छापलं होतं. घरात आम्ही मावशी म्हणायचो. सोलापूरकडच्या.

त्यांच्या तोंडून 'काळजी' हा शब्द मी कधीच ऐकला नाही. त्या दर दोन तासांनी बाबांना कुशीवर वळवायच्या. वळवून झालं की चादरीवरून तळहात फिरवायच्या, सुरकुती राहिली असेल तिथे बोट थांबायचं, ती ओढून सपाट करायच्या, मग दुसऱ्या बाजूने परत हात. मी एकदा विचारलं, एवढं कशाला, तर म्हणाल्या, "ताई, आपल्याला घडी वाटती, त्यांच्या पाठीला ती सुरी हाय." तीन वर्षांत बाबांच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर आले की आधी पाठ बघायचे आणि मावशींकडे बघून मान हलवायचे.

सकाळी मी दारात घुटमळायचे. त्या आतूनच म्हणायच्या, "तुम्ही जावा. मी हाय."

मला विचाराल तर 'टेक केअर'चं सर्वांत चांगलं मराठी हेच आहे. मी आहे.

टपालवही

लेकी, बरं झालं लिहिलंस.

लीड्सकर

चादरीची सुरकुती. आम्हाला प्रशिक्षणात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि परीक्षेपुरतं राहतं. तुमच्या मावशींनी ते तीन वर्षं, रोज बारा वेळा केलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

समाजकार्य_एमएसडब्ल्यू

दुपारची पाळी, तुम्ही जे लिहिलंय त्याच्यासाठी अभ्यासकांनी शब्द बसवले आहेत. बेरनिस फिशर आणि जोन ट्रोंटो यांनी १९९० मध्ये 'केअर'चे चार टप्पे सांगितले. आधी कोणाला तरी गरज आहे हे लक्षात येणं. मग ती जबाबदारी आपली मानणं, याला त्यांनी 'टेकिंग केअर ऑफ' म्हटलं. तिसरं प्रत्यक्ष हाताने करणं. चौथं, ज्याच्यासाठी केलं त्याला ते कसं पोचलं ते बघणं. त्यांचा रोख असा की दुसरा टप्पा करणाऱ्याला मान मिळतो, तिसरा करणाऱ्याला कमी पैसे मिळतात. आपल्याकडेही 'बाबांचं सगळं मी बघितलं' असं भाऊ सांगतो तेव्हा तो पुष्कळदा खर्चाबद्दल बोलत असतो. हात मावशींचे असतात.

धुळेकर_अण्णा

हे अगदी खरं बोललात. आमच्या घरातही वेगळं झालं नाही.

शाळामास्तर

एक क्रियापद राहिलंच, वाहणे. काळजी करतात, घेतात, काळजी वाटते, लागते आणि काळजी वाहतात. 'केअरटेकर' सरकारला आपण काळजीवाहू म्हणतो. १९९१ मध्ये चंद्रशेखर यांनी राजीनामा दिल्यावर निवडणूक होईपर्यंत त्यांचं सरकार काळजीवाहू होतं. हा शब्द इंग्रजीपेक्षा सरस आहे. 'टेकर' घेतो, 'वाहू' ओझं घेऊन चालतो. आयुर्विमा महामंडळाच्या चिन्हाखाली गीतेतलं 'योगक्षेमं वहाम्यहम्' आहे, तिथेही वाहणंच आहे. आपण त्या पाकिटावरचे दिव्यावर धरलेले हात तेवढे बघतो.

म्हणजे इंग्रजीत एक 'टेक', आपल्याकडे पाच क्रियापदं. निरंजनी, तुमच्या अकरा जागा या पाचांत वाटल्या जातात का ते बघा.

बागेतली_वाट

मास्तर, 'लागते' हे सर्वांत मराठी आहे. 'काळजी लागून राहिलीय.' ती कोणी घेतलेली नाही, भूक किंवा तहान लागते तशी येऊन लागलीय. मुलगा रात्री अकरापर्यंत आला नाही की जे होतं ते 'करणं' नसतंच.

निरंजनी

आठ दिवसांनी परत येतेय. काल फाइल दिली.

अकरांपैकी चार ठिकाणी 'काळजी' पूर्ण काढली. बिलाचं 'तुमचं बिल विम्यातून भरलं आहे' केलं, अण्णांनी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं तसं. तक्रारीला वकीलवाडा यांचं ऐकून 'तुमची तक्रार नोंदवली आहे. दोन दिवसांत आमचा माणूस तुम्हाला फोन करेल' असं लिहिलं, दोन दिवसांची मुदत दवाखान्याकडून कबूल करून घेतली. जिन्याला 'जपून उतरा'. गुडघ्यांना 'गुडघ्यांना जपा', टपालवही काकांसाठी. आई किंवा वडिलांसाठी ॲप वापरणाऱ्यांचा एक विभाग आहे, इंग्रजीत त्यांना 'केअरटेकर' म्हटलंय. तिथे खूप अडले. 'काळजीवाहू' लिहिलं की सरकार आठवतं. शेवटी 'पेशंटचं तुम्ही बघत असाल तर' असं पूर्ण वाक्यच टाकलं. त्या विभागातल्या सूचनांमध्ये चादरीच्या सुरकुतीची ओळ नव्हती. मी डॉक्टरांना विचारून ती घालायला लावली.

पेशंटला निरोप देतानाचं तेवढं राहिलं होतं. 'काळजी घ्या' ठेवायचं नाही हे आंबोळी यांच्यामुळे ठरलं होतं. 'मी आहे' यंत्राच्या तोंडी शोभलं नसतं. तिथे 'घरी पोचलात की इथे दाबा' असं लिहून बटण द्यायला सांगितलंय. दाबलं की वॉर्डातल्या सिस्टरांच्या पडद्यावर दिसेल. दवाखान्याच्या लोकांना आधी पटत नव्हतं, काम वाढेल म्हणाले. एका सिस्टरनेच सांगितलं, असू द्या, आम्हाला तरी कुठे कळतं घरी गेलेला माणूस नीट पोचला का ते.

टपालवही

पोचल्याचं कार्ड.

निरंजनी

हो काका. तेच डोक्यात होतं.

रुळावरून

आणि मावशी? डॅलसवाल्याचं काय झालं?

निरंजनी

त्याला मी फोन करून सांगितलं, आई घाबरते. आता तो 'टेक केअर'च्या जागी 'जेवलो. आता झोपतो' लिहितो. मावशी त्याच्या घड्याळाचा हिशेब करते आणि मला कळवते, आज एक तास उशीर झाला.